हॉटेलची रूम सोडताना आवरून ठेवता का?

चिंचगुळी
नमस्कार मंडळी. विषय तसा क्षुल्लक आहे पण आमच्या घरात यावरून दोन दिवस अबोला चाललाय म्हणून इथे टाकतेय. गेल्या आठवड्यात आम्ही सहा जण महाबळेश्वरला गेलो होतो, दोन रूम्स, तीन रात्री. निघायच्या दिवशी सासूबाई सहालाच उठल्या आणि रूम आवरायला घेतली. म्हणजे अगदी चादरींच्या घड्या, उशा एकावर एक, वापरलेले टॉवेल झटकून नीट घड्या घालून कपाटात, चहाचे कप विसळून पालथे. झाडू मिळाला असता तर केरही काढला असता. नवरा म्हणाला अगं आई आपण पैसे दिलेत, हे त्यांचं काम आहे. त्यावर त्या, "पैसे झोपायचे दिलेत, पसारा करायचे नाही."

इथवर ठीक होतं. स्ट्रॉबेरीचे चार खोके डिकीत टाकून निघालो, पाचगणी मागे पडलं, पसरणी घाट उतरताना नणंदबाई हसत हसत बोलून गेल्या की त्यांनी आदल्या रात्री केस रंगवले होते आणि हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र टॉवेलवर हा एवढा काळा डाग पडला, तो त्यांनी आत दुमडून घडीत सगळ्यात खाली ठेवून दिला. सासूबाई म्हणाल्या गाडी मागे घ्या! घाटात! गाडी अर्थातच मागे घेतली नाही आणि वाईत भेळ खायला थांबलो तेव्हा त्या गाडीतून उतरल्या नाहीत.

तर प्रश्न दोन. एक, रूम सोडताना आवरावी का? दोन, काही खराब झालं तर आपणहून सांगावं का? की ते भाड्यातच धरलेलं असतं?

ठसका
शीर्षक वाचून वाटलं मिसळ खाऊन झाल्यावर टेबल आपण पुसायचं का असा प्रश्न आहे. आमच्याकडे हॉटेल म्हणजे खायचं. राहतात ते लॉज.

सावळागोंधळ
सासूबाईंना साष्टांग नमस्कार _/\_ "पैसे झोपायचे दिलेत" हे मी लिहून ठेवलंय.

घाटमाथा
सासूबाईंची पिढी वेगळी हो. आमचे वडील पीडब्ल्यूडीत होते, लहानपणी राहणं म्हणजे सरकारी विश्रामगृह. होल्डॉल आपला, चादरी आपल्या, तांब्या आपला. खानसामा सांगेल त्या वेळी जेवायचं आणि निघताना वडील स्वतः सगळ्या खोल्यांतून फिरून पंखे दिवे बंद करायचे. आजही मी हॉटेलातून निघताना एसी टीव्ही गीझर बंद केल्याशिवाय दार ओढत नाही. किल्लीचं कार्ड त्या खाचेतून काढलं की आपोआप बंद होतं हे माहीत असूनही.

रोखठोक नाना
मी विरुद्ध बाजूचा. एका रात्रीचे साडेपाच हजार मोजतो, वर जीएसटी (आता साडेसात हजारापर्यंतच्या रूमवर पाच टक्के झालाय, २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी बारा होता), त्यात चादरीच्या घड्या मी घालायच्या? मग घरीच काय वाईट होतो.

आणि शिष्टाचार नेहमी गेस्टनेच का पाळायचे? मागच्या वर्षी रात्रीच्या बसने एका हिलस्टेशनला पहाटे साडेपाचला पोचलो. बायको, दोन मुलं, थंडी मी म्हणतेय. चेक-इन बारा वाजता म्हणून लॉबीत बसवून ठेवलं. समोर किल्ल्या टांगलेल्या दिसतायत, रूम रिकाम्या आहेत हे शेंबडं पोर सांगेल. अर्ध्या दिवसाचे पैसे द्या म्हणे. आणि निघताना मात्र दहाला दहा मिनिटं कमी असताना दारावर टकटक. म्हणजे बारा ते दहा, बावीस तास, आणि बिल चोवीस तासांचं.

चहाबिस्कूट
नाना +१. ते दोन तास कुठे जातात हा राष्ट्रीय प्रश्न आहे.

सावळागोंधळ
त्या दोन तासांत चिंचगुळीच्या नणंदेचा टॉवेल धुतात.

पाणपोई
मला विचारायचंय ते ब्रेकफास्ट बुफेबद्दल. आमचा एक ग्रुप आहे (नावं घेत नाही, इथलेच काही वाचत असतील), त्यातल्या एक ताई बुफेला येतानाच पर्समध्ये झिपलॉकच्या पिशव्या घेऊन येतात. उकडलेली अंडी, ब्रेड-बटर, मफिन, केळी. एकदा तर मेदूवडे. दुपारच्या जेवणाचा खर्च वाचतो म्हणे. आणि वर आम्हालाच सांगतात, तुम्ही कमी खाल्लंत म्हणून मी तुमच्या वाटणीचं घेतलं. मला इतकं लाजल्यासारखं होतं, तो वेटर बघत असतो आणि बघत नसल्यासारखं करत असतो.

गूळशेंगदाणा
पाणपोई, एखादं केळं लहान मुलासाठी घेतलं तर काय बिघडलं? मी घेते बाई. विचारून घेते. दोन वर्षांचं पोर साडेआठला काही खात नाही आणि दहाला गाडीत भोकाड पसरतं. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही, उलट एका ठिकाणी तिथल्या वाढणाऱ्या मुलाने दुधाची छोटी बाटली गरम करून भरून दिली.
मेदूवडे मात्र :हहपुवा: (हसून हसून पुरेवाट) चटणी कशात नेली?

पाणपोई
जॅमच्या रिकाम्या डबीत. खोटं नाही सांगत.

किनारपट्टी
तारकर्लीला आमचं घरगुती राहण्याचं आहे, चार खोल्या, जेवण घरचं. हॉटेलवाले कदाचित बोलणार नाहीत, मी बोलते.

येणारी शंभरातली नव्वद माणसं चांगली असतात. काही तर इतकी की जाताना आमच्या सासूच्या पाया पडतात. पण उरलेली दहा! खोली दोघांची बुक करायची आणि गाडीतून सहा उतरायचे, "काकू आम्ही खाली झोपू, गादी दिलीत की झालं". अहो गादीचं नाही, पाणी विहिरीचं आहे, मे महिन्यात पंप दिवसातून किती वेळ चालवायचा याचं गणित असतं आमचं. समुद्रात डुंबून आलेला प्रत्येक जण अर्धा तास शॉवरखाली उभा राहतो. बाहेर नळ आहे, बादली आहे, पाटी आहे, "वाळूचे पाय इथे धुवा". तरी वाळू थेट गादीत. बाथरूमच्या जाळीत वाळू बसली की पाणी तुंबतं आणि मग फोन येतो, काकू पाणी जात नाही.

आणि जेवणाचं. सकाळी दहाला विचारलं की दुपारी किती जण, मासे कुठले, तर "बघू, सांगतो". रात्री साडेअकराक माका फोन, "काकू, कोंबडीवडे मिळतील का?" अरे बाबा, कोंबडी आणायची, वाटप भाजायचं, वड्याचं पीठ मळून काही तास ठेवायचं असतं. मी काय झाडाला वडे लावलेत? आधी सांगा, हवं ते करून घालते. याहून दुसरी काही अपेक्षा नाही.

स्पीकरबद्दल लिहीतच नाही. आमच्या शेजारी आजी आहेत नव्वदीच्या, त्यांना आता सगळी डीजेची गाणी पाठ झालीत.

रोखठोक नाना
काकू तुमचं पटलं. घरगुती ठिकाणी मीही तसा वागत नाही, ताट सुद्धा उचलून ठेवतो. माझं म्हणणं मोठ्या हॉटेलांबद्दल.

ठसका
नाना नरमले. तारीख वार लिहून ठेवा रे.

मेथीदाणा
तीन वर्षं जर्मनीत आहे. आईबाबा पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही सगळे एका छोट्या गावात हॉटेलात राहिलो. इकडे बाथरूमच्या जमिनीला बहुतेक ठिकाणी पाणी जायला जाळीच नसते, टब किंवा शॉवरच्या आत जे काय पाणी सांडायचं ते सांडा, बाहेरची फरशी कोरडी. बाबांना मी सगळं सांगितलं, तिकीट मशिन, कचऱ्याचे वेगवेगळे डबे, हे सांगायचं राहिलं. बाबांनी कचऱ्याची प्लास्टिकची बादली धुवून घेतली, टबाबाहेर उभे राहिले आणि देवाचं नाव घेत मस्त आंघोळ केली. दहा मिनिटांनी खालच्या मजल्यावरून मालकीणबाई वर. तिच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आली होती. बाबा टॉवेल गुंडाळून दारात, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, आणि दोघंही सॉरी म्हणतायत.

नंतर बाबांनीच सगळे टॉवेल घालून फरशी कोरडी केली आणि निघताना तिला आईने आणलेला बेसनाचा लाडू दिला. तिने पैसे घेतले नाहीत. पण पुढच्या प्रत्येक हॉटेलात बाबा आधी जाळी कुठे आहे ते बघायचे.

झंप्या
आमच्या काकांनी सिंगापूरला रूममध्ये उदबत्ती लावली होती. पुढचं सांगत नाही. अलार्म, चौदा मजले, सगळे खाली, काका सोवळ्यात.

खिडकीपाशी
विषय निघालाच आहे तर जपानचं. तिकडच्या र्‍योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक पद्धतीच्या हॉटेलात, बूट दारातच काढायचे, आतल्या सपाता वेगळ्या, तातामीवर (जमिनीवरच्या चटईवर) त्याही नाहीत, आणि शौचालयाच्या सपाता आणखी वेगळ्या. मी त्या शौचालयाच्याच सपाता घालून जेवायला गेलो होतो. रूममध्ये युकाता (सुती किमोनो) ठेवलेला असतो तो घालताना डावी बाजू उजवीच्या वर यायला हवी, उलटं नेसवतात ते मृत माणसाला. हेही मला जेवताना एका आजींनी येऊन, न बोलता, माझा युकाता सोडून नीट बांधून देऊन शिकवलं. म्हणजे त्या दिवशी मी शौचालयाच्या सपाता घातलेलं प्रेत होतो.

सावळागोंधळ
_शौचालयाच्या सपाता घातलेलं प्रेत_ मेलो. ऑफिसात वाचत होतो, साहेबांनी वळून बघितलं.

गूळशेंगदाणा
एवढं सगळं जमणार नाही म्हणून आपण इथेच बरे. बरं ते घेऊन जायच्या वस्तूंचं काय? साबण शाम्पू मी आणते, चप्पल आणते (ती पातळ पांढरी). बहिणीकडे मात्र एका हॉटेलचा आंघोळीनंतरचा जाडा झगा आहे. २०१९ मध्ये बालीच्या हॉटेलात आपल्याकडच्या एका कुटुंबाच्या बॅगा उघडून वस्तू काढल्या, तो व्हिडिओ आठवतो ना? हेअर ड्रायर काय, हँगर काय. तो पाहून बहिणीने झगा माळ्यावर टाकला. परत नाही केला.

चहाबिस्कूट
आम्ही इंडक्शन घेऊन जातो प्रवासात. खिचडी, मॅगी, वरणभात. रूममध्ये. गुन्हा आहे का?

झंप्या
फोडणी देता का? यावर गुन्हा ठरेल.

चहाबिस्कूट
... कढीपत्ता नाही घालत.

घाटमाथा
गोव्यात तर पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला कायद्यानेच बंदी आणलीय २०१९ पासून, बस थांबवून किनाऱ्यावर स्टोव्ह पेटवणाऱ्या मंडळींमुळे. रूममधलं वेगळं, पण वायरिंग त्या भाराचं नसतं हो. एका लॉजवर शेजारच्या खोलीत कुणी तरी शेगडी लावली आणि आख्खा मजला अंधारात, तेही ऐन भारत-पाकिस्तान मॅच चालू असताना. त्या माणसाला वाचवायला मॅनेजरला मधे पडावं लागलं.

किल्ली नं. २०४
बराच वेळ नुसता वाचत होतो, आता राहवत नाही. बारा वर्षं हाऊसकीपिंगमध्ये आहे, सुरुवात रूम बॉय म्हणून, आता सुपरवायझर. हॉटेलचं नाव सांगत नाही.

चिंचगुळी ताई, तुमच्या सासूबाईंचं मन सोन्याचं आहे पण सांगायला वाईट वाटतं, त्या घड्यांनी आमचं काम वाढतं.

कसं ते सांगतो. गेस्ट गेला की बेडवरचं सगळं निघतं, वापरलेलं असो नसो. चादर घडी घातलेली असली तरी आम्ही ती उलगडून झटकतो, कारण त्यात काय काय सापडतं म्हणून सांगू. चार्जर, लहान मुलाचा मोजा, कानातलं, एकदा खालच्या दातांची कवळी. घडीतून तसंच लाँड्रीत गेलं तर मशिनमध्ये कवळीचे तुकडे आणि गेस्टचा फोन, आमचे दात राहिलेत.

आणि वापरलेला टॉवेल घडी करून कपाटात ठेवणं तर अजिबात नको. एक माणूस एका शिफ्टमध्ये चौदा-पंधरा रूम करतो. नवीन पोरगा असेल, घाईत असेल, कपाट उघडलं, नीट घडीचा टॉवेल दिसला, त्याला वाटलं हा फ्रेशच आहे, तर तो तसाच पुढच्या गेस्टला. झालंय असं. ओलसर टॉवेल हाताला लागला म्हणून गेस्ट खाली आली होती, आणि त्या पोराचा त्या दिवशीचा चेहरा अजून आठवतो.

मग करायचं काय? वापरलेले सगळे टॉवेल बाथरूममध्ये एका जागी ढीग करून टाका. जमिनीवर टाकले तरी चालतात, अपमान नाही वाटत. कचरा डब्यात. उरलेलं जेवण असेल तर पिशवीला गाठ मारून, नाहीतर मुंग्या आमच्याआधी पोचतात. फुटलेली काच डब्यात टाकू नका, टेबलावर ठेवा किंवा सांगा, माझ्या डाव्या हाताला पाच टाके आहेत त्याचेच. बेडला हात लावू नका. एवढं केलं तर आवरायचा अर्धा वेळ वाचतो.

नानांचे दोन तास तिथेच जातात. तुम्ही बहुतेक सगळे दहा-अकराला एकदम सोडता आणि पुढचे बाराला दारात उभे. मधे तीस-चाळीस मिनिटं एका रूमला, आणि माणसं मोजकी. पहाटेच्या रिकाम्या किल्ल्यांचं मात्र तुमचं बरोबर आहे, ते आमच्या हातात नसतं, वरून ठरतं. आधी फोन करून ठेवलात तर कधी कधी जमतं.

रोखठोक नाना
२०४, मान्य. पण वरून कोण ठरवतं त्याचा नंबर द्या.

गूळशेंगदाणा
बाप रे, मी पण टॉवेल घडी करून ठेवते! डागाचं सांगा ना. मेंदी, हळद, केसांचा रंग. सांगितलं तर पैसे लावतील ही भीती असते.

किल्ली नं. २०४
लावतात कधी, नाही कधी. रंग पार बसला असेल तर टॉवेल कापून फडकी करतो आम्ही, मग किंमत लागू शकते. पण वेळेवर सांगितलं तर बहुतेक वेळा निघतं, म्हणून सांगा. डाग लाँड्रीच्या ढिगात लपून गेला, गरम पाण्यात धुतला आणि वर इस्त्रीच्या रोलरमधून निघाला की कायमचा.

हळदीची गंमत माहितीये का? लग्नाचं बुकिंग असलं की दुसऱ्या दिवशी लाँड्रीवाला ओरडतच येतो. पिवळा डाग साबणाच्या पाण्यात पडला की लालभडक होतो, नवीन पोरं घाबरतात, रक्त वाटतं त्यांना. आमचा जुना धोबी साबणाचं नंतर बघतो, आधी उन्हात टाकतो. दोन कडक उन्हं लागली की फिका पडतो. हळदीच्या कार्यक्रमाला एक दिवस आधी सांगा, आम्ही जुने टॉवेल देतो. मागायला कुणी येतच नाही, सगळ्यांना फोटोसाठी पांढरेच हवे असतात.

डाग लपवला तर गेस्टला काही होत नाही. आमच्याकडे मोजून दिलेलं असतं, मोजून घेतात. टॉवेल कमी आला की त्या मजल्याच्या पोराला विचारतात, काही ठिकाणी पगारातून कापतात. आमच्याकडे आता बंद झालंय, पण मी सुरुवात केली तेव्हा माझे कापलेत. बालीचा व्हिडिओ बघून लोक हसले, मी हँगर मोजत होतो.

किनारपट्टी
२०४ दादा, एकदम मनातलं. टिप कुणाला द्यायची तेही सांगा, लोक काउंटरवर देतात आणि मागे राबणाऱ्याला कळतही नाही.

किल्ली नं. २०४
देणार असाल तर उशीवर ठेवा, वर 'हाऊसकीपिंग' असं चिठ्ठीवर लिहून. नुसते पैसे ठेवले तर आम्ही हात लावत नाही, विसरलेले समजून जमा करतो. आणि तिन्ही दिवस वेगवेगळा माणूस असतो, शेवटच्या दिवशीचे पैसे शेवटच्याला मिळतात. रोज थोडे ठेवलेत तर बरं. नाही ठेवलेत तरी चालतं, बाहेर दिसल्यावर नाव विचारलंत तरी पोरं दिवसभर खूश असतात.

पाणपोई
धागा छान चाललाय. त्या झिपलॉकवाल्या ताईंना लिंक पाठवू का?

ठसका
पाठवा. प्रिंट काढून पर्समध्ये ठेवतील, मेदूवड्याखाली टाकायला.

चिंचगुळी
सगळ्यांचे आभार. २०४ दादा, तुमचा प्रतिसाद काल रात्री जेवताना मोठ्याने वाचून दाखवला. घड्यांचा भाग आला तेव्हा नवरा जिंकल्यासारखा हसला, सासूबाई काही बोलल्या नाहीत, आमटी वाढून घेतली. पगारातून कापतात ते वाचलं तेव्हा मात्र त्यांनी ताट सरकवलं आणि म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता फोन लाव.

रात्री नऊला लावला. नणंदबाई समोर बसलेल्या, मान खाली. मी सांगितलं की अमुक रूम, अमुक तारीख, केसांच्या रंगाचा डाग होता, सांगायचं राहून गेलं, पैसे पाठवतो, कुणाला बोलू नका. फोनवरचा मुलगा म्हणाला थांबा हां मॅडम, वहीत बघतो. मग म्हणाला, "हो मॅडम, लिहिलंय, दोन टॉवेल. एक काळा. एक लाल." मी म्हटलं लाल कसला? तर म्हणाला, "स्ट्रॉबेरीचा आहे मॅडम. कुणी तरी धुवून वाळत घातल्या होत्या त्याच्यावर. घडी छान घातली होती."

फोन स्पीकरवर होता. दोन्ही टॉवेलचे पैसे आज सकाळी पाठवले. सासूबाई पूजेला बसल्यात त्या अजून उठलेल्या नाहीत, आणि नणंदबाई देवघराच्या दारात उभ्या राहून विचारतायत, आई, गाडी मागे घ्यायची का?